‘रिअल रिस्क’ म्हणजे नेमकी किती रिस्क? (माझी एक फजिती आणि काही प्रश्न)

निसवण (रावेर)

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

मी रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळतो. आमची केळी आखातात जाते आणि तिकडच्या खरेदीदारांशी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात आहे. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी व्याकरणात फारसा चुकत नाही, पण लिहिलेलं वाचून समोरच्याचा चेहरा कसा होत असेल याचा अंदाज येत नाही.

गेल्या आठवड्यात गुरुवारी दुपारी सातपुड्याकडून आभाळ भरून आलं. वादळी वाऱ्याचा इशारा होताच. घड कापणीला आलेले, कंटेनर शनिवारी न्हावाशेवाकडे निघायचा. वादळ झालं तर कटाई थांबणार, माल दोन दिवस उशिरा निघणार. म्हटलं आधीच कळवलेलं बरं. नुसतं ‘डेंजर’ लिहिलं तर मिळमिळीत वाटेल म्हणून जरा वजन दिलं: ‘देअर इज ग्रेव्ह डेंजर ॲट अवर साइट ड्यू टू हेवी विंड.’

रात्री साडेअकराला फोन. पलीकडे त्यांचा मॅनेजर, मूळचा केरळचा, अतिशय सज्जन माणूस. पहिला प्रश्न, “माणसं सुखरूप आहेत ना?” मी म्हटलं, साहेब, माणसं जेवून झोपलीत, केळी दोन दिवस उशिरा येईल एवढंच. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “तुमचा मेल वाचून मी आमच्या मालकांना झोपेतून उठवलं.”

दुसऱ्या दिवशी आमचे शेठ म्हणाले, जरा हलकं लिही. मी लिहिलं, ‘देअर इज अ स्मॉल चान्स ऑफ डिले.’ ते वाचून शेठ म्हणाले, एवढंसंच असेल तर लिहायचं कशाला?

तर प्रश्न असा. रिस्क, डेंजर, थ्रेट, हॅझर्ड या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द, धोका. इंग्रजीत यातल्या कुणापुढे कुठलं विशेषण बसतं आणि कुठलं बसत नाही? आणि धोका खरोखर आहे, पण आभाळ कोसळलेलं नाही, हे कसं लिहायचं?

शेवभाजी (जळगाव)

‘हेवी विंड’ वाचून मला वाटलं वारा वरणबट्टी खाऊन निघालाय.

मन्हा बाप म्हने, इंग्रजी बोलानं ते हयू हयू बोलानं, चूक व्हयनी तरी कोनले समजाव नही (म्हणजे हळू आवाजात बोलावं, चूक झाली तरी कुणाला कळणार नाही). तुम्ही लिहून पाठवलं भाऊ, तिथं फसले.

निवृत्त मास्तर (अमळनेर)

निसवणभाऊ, हसू नका म्हणणार नाही, मीही हसलो. पण तुमची चूक ज्या जागी आहे त्या जागी तीस वर्षं मुलांना चुकताना पाहिलंय. शिकवताना आम्हीच शब्द सुटा शिकवतो. डेंजर म्हणजे धोका, रिस्क म्हणजे जोखीम, लिहा दहा वेळा. शब्द कुणाबरोबर नांदतो हे सांगतच नाही.

आधी मराठीत बघा. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, अंधार किर्र. आता अदलाबदल करा. मुसळधार वारा, किर्र ऊन, रणरणती थंडी. व्याकरण शाबूत आहे, पण आपली आजी हे ऐकून म्हणेल की पोराला ताप आलाय. असं का, याला नियम नाही. लोकांनी पिढ्यान् पिढ्या ते शब्द एका जुवाला जुंपले, म्हणून ते जोडीने चालतात. इंग्रजीत याला कोलोकेशन म्हणतात. तिथे पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग. स्ट्राँग पाऊस नाही, हेवी वारा नाही.

ही कल्पना रुजवणारा भाषाशास्त्रज्ञ म्हणजे जे. आर. फर्थ. १९२० च्या दशकात हा गृहस्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. १९५७ साली त्याने लिहिलं की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याचं जे होतं तेच. वाण नाही पण गुण लागतो. ‘ग्रेव्ह’ हा शब्द इतकी वर्षं जिवावरच्या प्रसंगांशेजारी बांधलेला आहे की तो दिसला की वाचणाऱ्याला आधी रुग्णवाहिका दिसते. तुमच्या मॅनेजरला तीच दिसली.

आता धोक्याचं कुटुंब. माझ्या वहीतून लिहितो, फार काटेकोर मानू नका.

डेंजर हा जवळ येऊन ठेपलेला. त्याच्यापुढे ग्रेव्ह, सीरियस, ग्रेट, इमिनंट, मॉर्टल. माणूस ‘इन डेंजर’ असतो, दवाखान्यातून बातमी येते ‘आउट ऑफ डेंजर’. ‘हाय डेंजर’ मात्र सहसा लिहीत नाहीत, जंगलातल्या वणव्याच्या पाट्या सोडून. हाय आणि लो लागतात रिस्कला, कारण रिस्क मोजायची गोष्ट आहे, थर्मामीटरच्या पाऱ्यासारखी चढते-उतरते. हाय रिस्क, लो रिस्क, स्लाइट रिस्क, सीरियस रिस्क, रिअल रिस्क. ‘स्ट्राँग रिस्क’ कानाला खटकतं, पण ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’ अगदी सुरळीत. पॉसिबिलिटी आणखी ‘डिस्टिंक्ट’ असते, ‘रिमोट’ असते. थ्रेटमागे बहुधा कुणाचा तरी हात असतो किंवा हेतू असतो, म्हणून थ्रेट ‘क्रेडिबल’ असतो, ‘एम्प्टी’ असतो, ‘व्हेल्ड’ म्हणजे आडून दिलेला असतो. धमकी, थोडक्यात. अर्थात रोगाचाही पिकाला थ्रेट असतो, तिथे क्रियापद ‘पोझ’. हॅझर्ड म्हणजे धोक्याची वस्तू किंवा जागा: फायर हॅझर्ड, हेल्थ हॅझर्ड, लहान मुलांच्या खेळण्यावर चोकिंग हॅझर्ड. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तर फरशी हा हॅझर्ड आणि तुम्ही पडण्याची शक्यता ही रिस्क. फरशीवरून कुणी चालतच नसेल तर हॅझर्ड आहे, रिस्क जवळजवळ नाही.

क्रियापदांकडे लोक लक्षच देत नाहीत आणि खरी फसगत तिथे होते. ‘टेक अ रिस्क’ म्हणजे आपण होऊन जोखीम पत्करली. ‘रन अ रिस्क’ म्हणजे आपल्या वागण्याने ती पाठीशी लागली. शेठना लिहायचं असेल की आणखी थांबलो तर जहाज चुकेल, तर ‘वी रन द रिस्क ऑफ मिसिंग द व्हेसल’. तिथे ‘टेक’ लिहिलंत तर वाटेल तुम्ही जहाजाशी जुगार खेळताय.

एक गंमत सांगून थांबतो. स्लिम म्हणजे सडपातळ आणि फॅट म्हणजे लठ्ठ ना? ‘स्लिम चान्स’ म्हणजे शक्यता फार कमी. आणि ‘फॅट चान्स’ म्हणजे? अजिबात नाही, विसर. तो टोमणा आहे. दरवर्षी एक तरी पोरगा ‘आय हॅव फॅट चान्स टू पास’ लिहायचा आणि त्याचं भविष्य बरोबर निघायचं.

निसवण

सर, वाकून नमस्कार. वहीच छापा आता. पण ‘रिअल रिस्क’चं काय? रिअल म्हणजे खरा. मग बाकीचे खोटे का?

काळा कोट (धुळे)

हा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे.

‘रिअल’ इथे खोट्याच्या विरुद्ध नाही. कल्पनेतल्या, ओढूनताणून आणलेल्या धोक्याच्या विरुद्ध आहे. इंग्लंड आणि युरोपच्या न्यायालयांत या दोन शब्दांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. १९८९ सालचा सोरिंगचा खटला वाचा. एक जर्मन तरुण, खुनाच्या आरोपाखाली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याला हवा होता, पकडला गेला इंग्लंडमध्ये. तिथे पाठवला तर फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं मरणाची वाट बघत बसावं लागेल आणि ती अमानुष वागणूक ठरेल, हा मुद्दा. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने कसोटी ठेवली ती ‘रिअल रिस्क’ची. तसा रिअल रिस्क आहे असं मानायला भक्कम आधार असेल तर माणूस पाठवता येत नाही. तेव्हापासून निर्वासितांच्या, प्रत्यार्पणाच्या प्रकरणांत ही जोडी पाठच झालीय.

निसवणभाऊ, तुमच्या कामाचा भाग आता येतो. रिअल रिस्क म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर असं तिथे मानत नाहीत. घडण्याची शक्यता न घडण्यापेक्षा कमी असली तरी धोका रिअल असू शकतो. नुकसान जितकं मोठं, तितका लहान आकडाही दुर्लक्षिण्यासारखा राहत नाही.

१९९८ च्या उस्मान खटल्यात, जिवाला धोका असलेल्या माणसाला वाचवण्याच्या पोलिसांच्या कर्तव्याबाबत, हीच जोडी आणखी एक शब्द घेऊन आली, ‘रिअल अँड इमीजिएट’. आणि २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात डॉक्टरांना सांगितलं की ‘मटेरियल रिस्क’ रुग्णाला सांगायलाच हवी. मटेरियल कुठली? रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जी महत्त्वाची वाटेल ती. डॉक्टरला काय वाटतं यावर ते सोडलेलं नाही.

अमेरिकेत न्यायमूर्ती होम्स यांनी १९१९ मध्ये ‘क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर’ लिहिलं. शंभर वर्षं होऊन गेली, वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे. तिथे कुणी ‘रिअल अँड प्रेझेंट’ म्हटलं तर बरोबर असूनही चुकल्यासारखं वाटेल.

थोडक्यात, तुमच्या मेलला ‘रिअल रिस्क’ चपखल बसतं. मी तुमच्याकडून फी घेत नाही, एक घड पाठवा.

खापरावरचे मांडे (नंदुरबार)

सगळं मान्य. पण आपल्या मराठीला एकच शब्द आहे म्हणता, ते मला पटत नाही. धोका संभवतो, टळतो, पत्करतात. संकट ओढवतं, कोसळतं. जोखीम उचलतात. प्रसंग जिवावर बेतलेला असतो आणि कधी जिवावरचं बोटावर निभावतं. नदी धोक्याची पातळी ओलांडते, त्याआधी इशारा पातळी ओलांडते, आणि हतनूरचे एकेचाळीस दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना जो इशारा येतो तो ‘सतर्कतेचा’ असतो. यातला एकही शब्द हलवता येत नाही. निसवणभाऊ, तुमच्याकडे शब्द होते, तुम्ही ते घरी ठेवून बाजारात गेलात.

आणि सीमेवरच्या लोकांनो, धोका शब्द जपून वापरा. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला फोनवर हिंदीत ‘धोका है’ म्हटलं तर तो म्हणेल कुणी दिला? त्यांच्याकडे धोका म्हणजे दगा. त्यांचा धोका म्हणजे ‘खतरा’. माझ्या मेव्हण्याचा एक सौदा यावरून मोडता मोडता राहिलाय.

निवृत्त मास्तर (अमळनेर)

मांडेसाहेबांना शंभरपैकी शंभर. त्यांच्या बोलण्यावरून एक आठवलं. मराठीत ‘पावसाची शक्यता’ बारा महिने चालते. इंग्रजीत रिस्क फक्त नको असलेल्या गोष्टीची असते. जूनमध्ये कपाशी टोचून माणूस आभाळाकडे बघत बसलेला असताना त्याला ‘रिस्क ऑफ रेन’ म्हणाल तर तो चिडेल. तिथे ‘चान्स ऑफ रेन’. तोच पाऊस एप्रिलमध्ये कांदा उघड्यावर पडलेला असताना आला की रिस्क. म्हणजे रिस्क लिहिणारा माणूस कुणाच्या बाजूला उभा आहे तेही सांगून जातो. आपण अशा वेळी ‘भीती’ म्हणतो. अवकाळीची भीती. मृगाच्या पावसाची भीती कुणी म्हणत नाही.

डबल यलो (भुसावळ)

रेल्वेवाल्यांचंही ऐका. आमच्यात ‘डेंजर’ला विशेषण लागतच नाही. सिग्नल ‘ॲट डेंजर’ म्हणजे लाल. ग्रेव्ह नाही, सीरियस नाही, लाल. तो ओलांडला की त्याला स्पॅड म्हणतात, सिग्नल पास्ड ॲट डेंजर, आणि मग ड्रायव्हरच्या घरी त्या रात्री जेवण होत नाही. एक पिवळा म्हणजे ‘कॉशन’, पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. दोन पिवळे ‘अटेन्शन’. हिरवा ‘प्रोसीड’. रुळाचं काम चालू असेल तिथे ‘कॉशन ऑर्डर’ हातात मिळते, त्यात किलोमीटर आणि वेग लिहिलेला असतो.

मुद्दा हा की आमच्याकडे शब्द मोठा का लहान हे कुणी कानाने ठरवत नाही. प्रत्येक शब्दाला एक काम बांधून दिलंय. बाहेर कुणाला विचारा, डबल पिवळा जास्त धोक्याचा वाटेल. प्रत्यक्षात तो एका पिवळ्यापेक्षा सौम्य आहे.

फवारा (चोपडा)

डबल यलो दादा, अगदी हेच आमच्या दुकानात. माझं कृषी केंद्र आहे. औषधाच्या बाटलीवर चौकोन टोकावर उभा केलेला असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे ‘एक्स्ट्रीमली टॉक्सिक’, पिवळा ‘हायली’, निळा ‘मॉडरेटली’, हिरवा ‘स्लाइटली’. चारही जोड्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ठरवून दिलेल्या आणि प्रत्येकीमागे आकडा आहे. तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्रयोगातले प्राणी मरतील असा डोस, वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये. लाल १ ते ५०, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्या वर.

आता वरच्या त्रिकोणातले शब्द बघा. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. म्हणजे इथे ‘डेंजर’ तिसऱ्या नंबरला! मास्तरांच्या वहीतला जिवावरचा डेंजर आमच्याकडे मधल्या ओळीत बसलाय.

लोक काय करतात सांगतो. परवा एक गिऱ्हाईक आलं, चांगला शिकलेला मुलगा. बाटली फिरवून वाचली, म्हणाला, “मॉडरेटली म्हणजे मध्यम ना? मग हातमोजे राहू द्या.” म्हटलं बाळा, ते मध्यम बाटलीतल्या विषाच्या तीव्रतेबद्दल आहे. तू भर उन्हात, उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर सहा तास फवारणार, त्याला कुठला रंग लावायचा ते या त्रिकोणात छापलेलं नाही. मास्तरांनी हॅझर्ड आणि रिस्कची फरशी सांगितली ना, ती हीच. मोजे घेऊन गेला. घातले का माहीत नाही.

शहाद्याची सिस्टर

दवाखान्यातला अनुभव. एक आजी, रक्तदाबाची नवी गोळी सुरू केलेली. मुलाने डबीतला कागद वाचला, त्यात ‘कॉमन साइड इफेक्ट्स’ खाली चक्कर येणे, पाय सुजणे. मुलगा म्हणाला, कॉमन म्हणजे सगळ्यांनाच होतं, आई बंद कर. महिन्याने आजी आल्या तेव्हा रक्तदाब कुठल्या कुठे गेलेला.

युरोपच्या पद्धतीने छापलेल्या कागदांवर ‘कॉमन’चा अर्थ बांधलेला आहे: शंभरात १ ते १० जणांना. दहात एकापेक्षा जास्त असेल तर ‘व्हेरी कॉमन’. ‘अनकॉमन’ हजारात १ ते १०, ‘रेअर’ दहा हजारांत १ ते १०, त्याच्याही खाली ‘व्हेरी रेअर’. मी आता रुग्णाला इंग्रजी शब्द सांगतच नाही. म्हणते, आजी, तुमच्यासारख्या शंभर बायका गोळी घेतात, त्यातल्या नव्वदांहून जास्त बायकांना काही होत नाही. तुम्हाला चक्कर आली तर मला फोन करा, गोळी परस्पर सोडू नका.

शेवभाजी (जळगाव)

म्युच्युअल फंडवाले तेवढे राहिले. ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क्स’ ते इतक्या वेगात म्हणतात की मन्हा बापनं तत्त्व त्यांना कुणी शिकवलं असेल?

तिसरा हप्ता (पाचोरा)

शेवभाजी, वेगात म्हणतात खरं, पण फंडाची जोखीम दाखवणाऱ्या तबकडीवर, म्हणजे रिस्कोमीटरवर, २०२१ पासून सहा पायऱ्या आहेत: लो, लो टू मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय, व्हेरी हाय. काटा कुठे आहे ते बघायचं. लोक परतावा बघतात.

आभाळमाया नव्हे (चाळीसगाव)

निसवणभाऊ, तुम्ही ज्या इशाऱ्यावरून मेल लिहिला त्यातच उत्तर होतं. हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन उघडून बघा, तिथे एकही जोडी सैल नाही.

‘हेवी रेनफॉल’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ‘व्हेरी हेवी’ त्याच्या पुढे २०४.४ पर्यंत, वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ‘ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. म्हणून इशारा आला आणि आपल्या शिवारात थेंब पडला नाही की लोक वेधशाळेला नावं ठेवतात, पण ‘तुरळक ठिकाणी’ हे त्यांनी आधीच लिहिलेलं असतं. ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, ‘मोस्ट लाइकली’ त्याच्या वर. साधा ‘लाइकली’ निम्म्याच्या खाली आहे, हे किती जणांना माहीत असतं?

आपल्या जिव्हाळ्याचं म्हणजे उष्णतेची लाट. मैदानी भागात पारा ४५ ला गेला की ‘हीट वेव्ह’, ४७ ला ‘सिव्हिअर हीट वेव्ह’. सरासरीपेक्षा किती वर गेला त्यावरूनही ठरवतात, तो हिशेब वेगळा. भुसावळकरांना विचारा, ४४.९ ला काय गारवा वाटतो का. पण सिव्हिअर हा शब्द तिथे हौसेने वापरता येत नाही.

तुमच्या वाऱ्याचंही नाव त्यांच्याकडे आहे: ‘गस्टी विंड्स’, आणि पुढे वेग. ते तसंच उचलायचं.

निवृत्त मास्तर (अमळनेर)

आभाळवाले भाऊ, तुमच्यामुळे मला माझी आवडती गोष्ट सांगायला निमित्त मिळालं.

१९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने एक अहवाल लिहिला. रशियाच्या गोटातले देश त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का, यावर. निष्कर्षात शब्द वापरले ‘सीरियस पॉसिबिलिटी’. अहवाल करणाऱ्यांत शर्मन केंट नावाचा इतिहासाचा प्राध्यापक होता. नंतर त्याला कुणीतरी सहज विचारलं की सीरियस म्हणजे किती हो? तो म्हणाला, माझ्या मनात हल्ल्याच्या बाजूने ६५ आणि विरुद्ध ३५ असं होतं. विचारणारा चपापला, त्याने फार कमी धरलं होतं. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना एकेकाला विचारलं. सगळ्यांनी मिळून ते दोन शब्द मान्य केलेले. कुणाच्या मनात वीस टक्के, कुणाच्या ऐंशी!

एका खोलीत, एका टेबलाभोवती बसलेल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या लोकांची ही कथा. निसवणभाऊ, तुम्ही उगाच मन खाऊ नका.

पुढे १९६१ साली क्यूबावरच्या मोहिमेआधी सेनाधिकाऱ्यांनी केनेडींना कळवलं की यशाचा ‘फेअर चान्स’ आहे. लिहिणाऱ्याच्या मनात होतं अपयशाची बाजू तीनास एक. वाचणाऱ्याने ‘फेअर’मध्ये बरंच बरं ऐकलं. मोहीम तीन दिवसांत बुडाली. केंटने १९६४ मध्ये लेख लिहून सुचवलं की प्रत्येक शब्दाला टक्क्यांचा पट्टा ठरवून द्या. खात्यातले साहित्यिक वळणाचे लोक त्याच्यावर नाराज झाले. त्यांना वाटलं हा आम्हाला बुकी बनवतोय.

माझं मत केंटच्या बाजूने अर्धं आहे. टक्के लिहावेत, पण जिथे टक्के काढायला काही आधार आहे तिथेच. नाहीतर ६३ टक्के लिहून आपण शब्दाची थाप आकड्यात मारतो.

निसवण (रावेर)

सर्वांना उत्तर देत बसलो तर कंटेनर चुकेल (वी रन द रिस्क, बरोबर ना सर?). दुपारी पुन्हा आभाळ आलं. तुमच्या भरवशावर आज हा मेल तयार केलाय. पाठवण्याआधी बघा:

‘देअर इज अ रिअल रिस्क ऑफ अ टू-डे डिले. थंडरस्टॉर्म्स विथ गस्टी विंड्स ऑफ ४० टु ५० केएमपीएच आर व्हेरी लाइकली इन अवर डिस्ट्रिक्ट टुमॉरो. ऑल स्टाफ आर सेफ. वी विल कन्फर्म लोडिंग बाय ६ पीएम टुमॉरो.’

काळा कोट (धुळे)

‘ऑल स्टाफ आर सेफ’ काढा. न विचारता सांगितलंत की संशय येतो.

आभाळमाया नव्हे (चाळीसगाव)

आजच्या बुलेटिनमध्ये जळगावला ‘लाइकली’ आहे, ‘व्हेरी’ नाही. तेवढं खरं ठेवा. आणि ‘ॲट आयसोलेटेड प्लेसेस’ गाळू नका.

निवृत्त मास्तर (अमळनेर)

दोघांचं बरोबर. बाकी मला लाल पेन काढायची गरज पडली नाही. सहा वाजता कळवणार हे सर्वांत छान. त्याला विशेषण लागत नाही.

निसवण (रावेर)

पाठवला. उत्तर आलं, ‘नोटेड, थँक्स. वी विल होल्ड द स्लॉट.’ रात्री फोन नाही.

निसवण (रावेर), दोन दिवसांनी

धागा वर काढतो. वारं आलं. आमच्याकडे पानं फाटली, बाकी निभावलं, कंटेनर एक दिवस उशिरा निघाला. चार किलोमीटरवर माझ्या चुलतभावाची बाग मात्र आडवी झाली. निसवलेली झाडं, घडाच्या वजनाने बुंध्यातून मोडलेली. मी काल गेलो तेव्हा भाऊ बांधावर बसला होता आणि वहिनी मोडलेल्या घडांमधले बरे वेगळे काढत होती.

पंचनामा व्हायचाय. पश्चिमेकडच्या काही ओळी उभ्या आहेत, म्हणून भावाला धास्ती आहे की कागदावर ‘अंशतः नुकसान’ पडेल. सरकारी मदतीला ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लागतं. उभी दिसणारी झाडंही मुळातून हलली आहेत, आठ दिवसांत पिवळी पडतील, पण पंचनाम्याच्या दिवशी ती उभीच दिसणार. मला म्हणाला, तू मेलं लिहितोस ना, इथे काय लिहायला सांगू ते सांग.

मला सुचलं नाही. मास्तर, वकीलसाहेब, सांगा काही.

काळा कोट (धुळे)

शब्दावर भांडू नका, मोजून घ्या. पडलेली, मोडलेली आणि हललेली झाडं वेगवेगळी मोजा, ओळीनुसार फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. हललेल्या झाडाला हाताने ढकलून दाखवायचा व्हिडिओ काढा. पंचनाम्यात ‘मुळे सैल झालेली झाडे’ असा आकड्यासह उल्लेख करायला सांगा, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही. फळपीक विमा असेल तर त्याची सूचना वेगळी द्यावी लागते, मुदत आजच बघा. कधी येणार आहेत?

निसवण (रावेर)

उद्या सकाळी. वहिनीने मोजायला सुरुवात केलीय, २१४ पर्यंत आलीय.